आक्रमक झाडं हटवायची तर आधी चांगल्या जागेकडून : स्वयंसेवक गटांसाठी कामाची पद्धत

नवा गट बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी सगळ्यांत दाट, सगळ्यांत माजलेल्या रानात शिरतो. संध्याकाळपर्यंत ढीग डोंगराएवढा होतो आणि फोटोही झकास येतात. पुढच्या पावसाळ्यात मात्र त्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिल्यापेक्षा जास्त रान माजतं. कामाला सुरुवात उलट टोकाकडून व्हायला हवी. जिथं स्थानिक झाडोरा अजून धडधाकट आहे आणि आक्रमक रोपं, म्हणजे बाहेरून येऊन स्थानिक झाडांची जागा बळकावणारी, तुरळक आहेत, तिथून. सिडनीच्या झाडीत काम करणाऱ्या आयलीन आणि जोन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. तिचे नियम तीनच. चांगल्या भागाकडून वाईट भागाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची आणि हलवलीच तर पाचोळ्यानं परत झाकायची. आणि स्थानिक रोपं ज्या वेगानं मोकळी जागा भरतील, त्याच वेगानं पुढं जायचं. तिसरा नियम पाळणं सगळ्यांत जड जातं, कारण उत्साही मंडळींना तो आळशीपणा वाटतो.

कुदळ उचलण्याआधी

जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी लेखी घ्या. त्या कागदावर जाती कोणत्या, क्षेत्र किती, हत्यारं कोणती, काढलेला माल कुठं पडणार आणि पुढची किमान ३ वर्षं जागेवर यायची मुभा, हे सगळं हवं. शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा राहून जातो. तो मिळत नसेल तर काम हाती घेऊ नये, कारण एकदाच काढून सोडून दिलेली जागा न काढलेल्या जागेपेक्षा वाईट होते.

मग पाहणी. जागेचा हातानं काढलेला नकाशाही चालतो. त्यावर १० मीटर × १० मीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनाला एक खूण द्या: आक्रमक झाडोऱ्यानं एक दशांशाहून कमी जमीन व्यापली असेल तर ‘तुरळक’, निम्म्यापर्यंत असेल तर ‘मध्यम’, त्यावर ‘दाट’. पाण्याच्या वाटा, तीव्र उतार, पायवाटा, गुरांची ये-जा आणि पक्षी बसतात ती मोठी झाडंही टिपा. अशा झाडांखाली घाणेरीची रोपं वर्षानुवर्षं उगवत राहतात, कारण फळं खाऊन पक्षी तिथंच विष्ठा टाकतात. फोटोसाठी ३-४ जागी खुंट्या ठोका आणि दिशा लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक फेरीत त्याच खुंटीवरून, त्याच दिशेला, तेवढ्याच उंचीवरून फोटो काढायचा. अंदाजानं काढलेल्या दोन फोटोंची तुलना होत नाही.

परकं ते सगळं आक्रमक नसतं. खुरचाफा मूळचा अमेरिकेकडचा, पण तो बागेतून उठून रान बळकावत नाही. काढायची यादी छोटी आणि पक्की असावी. घाणेरी, म्हणजेच टणटणी, ओळखायला सोपी: चौकोनी खोड, त्यावर मागं वळलेले काटे, समोरासमोर खरखरीत पानं आणि पान चुरगळलं की उग्र दर्प. पण तिच्या जाळीच्या पोटात स्थानिक झाडांची कोवळी रोपं दडलेली असतात आणि तीच या कामाची खरी कमाई. म्हणून काढणी सुरू करण्याआधी झाडं ओळखणारा एक माणूस पुढं जाऊन राखायच्या प्रत्येक रोपाला लाल फीत बांधतो. नवख्यांसाठी नियम एकच: ज्याचं नाव सांगता येत नाही ते उपटायचं नाही, विचारायचं.

हंगाम

चांगला पाऊस होऊन गेला, पाणी निचरलं आणि माती ओलसर आहे, ही उपटण्याची वेळ. कोरड्या कडक जमिनीत मूळ तुटतं आणि उरलेला तुकडा फुटतो. पार चिखल असेल तर पायांखाली माती दाबून बसते आणि उतारावर घसरते, तेव्हाही थांबावं. दुसरं घड्याळ म्हणजे फुलोरा. फळ धरायच्या आत काम झालं पाहिजे. फळं पिकल्यावर झुडूप हलवणं म्हणजे स्वतःच्या हातानं पेरणी करणं. झुडपात घरटं दिसलं तर त्याभोवतीचा भाग पिल्लं उडून जाईपर्यंत तसाच सोडायचा.

हत्यारं

सहा जणांच्या एका तुकडीला पुरेल एवढं:

- अरुंद पात्याच्या हलक्या कुदळी २, पहार १
- कोयते २, लांब दांड्याची छाटणी कात्री १, घडीची करवत १
- खुरपी ३, पात्यांना धार लावायला कानस १
- ताडपत्री २, जाड गोण्या ८-१०
- काटेरी कामासाठी चामडी हातमोजे आणि गाजर गवतासाठी वेगळे रबरी हातमोजे
- डोळ्यांसाठी चष्मे, प्रथमोपचार पेटी, काटा काढायला बारीक चिमटा

रुंद फावडं आणू नका. त्यानं माती जास्त उकरली जाते आणि खाली झोपलेलं बी वर येतं. बोथट कुदळ तर त्याहून वाईट, कारण ती मूळ कापत नाही, चेचते. दर तासाभरानं धार लावायला एक जण नेमावा.

घाणेरी : वार नेमका कुठं

घाणेरी जमिनीलगत छाटली तर एका खोडाच्या जागी अनेक फुटवे येतात. जाळली तरी तेच. कारण खोड आणि मूळ जिथं मिळतात, त्या जमिनीच्या जरा खालच्या जाड सांध्यावर सुप्त डोळे असतात. वरचा भाग गेला की ते जागे होतात. यंत्रानं ओढून काढली तर सांधा निघतो, पण माती इतकी उलथते की तिच्यातलं सगळं बी एकदम रुजतं. यावर दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी रीत विकसित केली, ती हातानं काम करणाऱ्यांसाठी अगदी सोयीची आहे: मूळ सांध्याच्या खाली तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं.

कृती अशी. आधी फळं धरलेले शेंडे कात्रीनं कापून थेट गोणीत टाका. मग कोयत्यानं बाहेरच्या फांद्या छाटत बुंध्यापर्यंत वाट करा. मुख्य खोडं मात्र मांडीएवढ्या उंचीची ठेवा, पुढं तीच मूठ म्हणून धरायची आहेत. बुंध्याभोवतीचा पाचोळा एका बाजूला काढून ठेवा, तो परत लागणार आहे. कुदळीच्या टोकानं बुंध्याभोवतीची माती ८-१० सेंटिमीटर खोलपर्यंत मोकळी करा. आता सगळी खोडं एकत्र येऊन फुगलेली गाठ दिसेल आणि तिच्याखालून एकच जाड सोटमूळ खाली जाताना दिसेल. वार त्या सोटमुळावर, जमिनीच्या पृष्ठापासून ५ ते ८ सेंटिमीटर खाली, बाजूनं तिरका बसला पाहिजे. दोन-तीन वारांत मूळ तुटतं. एक जण खोडं धरून झुडूप कलतं करतो, दुसरा वार करतो, बाकीचे तीन मीटर लांब.

तुटलेलं झुडूप खड्ड्यावरच झटका, म्हणजे माती जागची जागी राहते. मग ते मुळं वर करून, दगडावर किंवा आधी काढलेल्या फांद्यांवर उलटं ठेवा. मूळ ओल्या मातीला टेकलं तर पुन्हा धरतं. खड्डा बुजवा, पायानं दाबा, पाचोळा परत पसरा. इथं बहुतेक जण घाई करतात. एवढ्या छोट्या उघड्या वर्तुळात महिन्याभरात पन्नास रोपं उगवलेली दिसली की पाचोळ्याची किंमत कळते.

काम नीट झालं का, हे तपासायला खड्डा बुजवण्याआधी आत डोकावा. जमिनीत उरलेला काप गोल, एकसंध आणि एकाच मुळाचा दिसायला हवा. काप वेडावाकडा असेल, त्यात दोन-तीन खोडांचा जोड किंवा गाठीचा तुकडा दिसत असेल, तर वार वर बसलाय. अजून थोडं खणून तो तुकडा काढाच, नाहीतर तो हमखास फुटणार.

आणखी एक चकवा. जमिनीवर लोळलेल्या फांद्या ठिकठिकाणी मुळं धरतात. मुख्य झुडूप काढलं तरी त्या प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र झाड उभं असतं. फांदी हातात धरून तिचा माग काढत जा आणि जिथं ती जमिनीत अडकते तिथं खुरपं घाला. गुडघ्याखालची रोपं ओल्या मातीत बुंध्याला धरून सरळ वर ओढली की मुळासकट येतात, त्यांना कुदळ लावू नका.

दाट भाग आला की हात आवरायचा. सगळी जाळी एकदम काढली तर जमिनीवर अचानक ऊन पडतं आणि तिथं गाजर गवत किंवा रानमोडी येऊन बसते. म्हणजे एक गेला आणि दुसरा आला. उताराला आडवे, २ ते ३ मीटर रुंदीचे पट्टे काढा आणि मधले पट्टे उभे ठेवा. काढलेल्या पट्ट्यात स्थानिक गवत आणि रोपं गुडघ्याएवढी झाली की शेजारचा पट्टा घ्या. उतारावर हे पट्टे मातीही अडवतात.

इतर जातींबद्दल थोडक्यात

गाजर गवत एकवर्षायू आहे. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलतं आणि एका मोठ्या झाडाला हजारो बिया येतात. ते पानांचा चक्राकार गुच्छ असताना किंवा कळी दिसण्याआधी उपटा. फुललेलं झाड उपटून टाकलं तरी पडल्या जागी बी पिकवू शकतं, म्हणून ते गोणीतच जायला हवं. या झाडानं त्वचेवर पुरळ, शिंका आणि दम्याचा त्रास होतो आणि तो वारंवार संपर्कानं वाढत जातो. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क ही सक्तीची बाब. ज्यांना आधीपासून त्वचेचा किंवा श्वासाचा त्रास आहे त्यांना नोंदीचं किंवा फिती बांधायचं काम द्या, तेही या पट्ट्यापासून लांब.

रानमोडीची मुळं उथळ असतात, ओल्या मातीत ती सहज उपटते. तिचं बी वाऱ्यावर उडतं, त्यामुळे फुलं सुकायच्या आत ती काढावी लागते. वाळलेली रानमोडी भरभर पेटते. उन्हाळ्याच्या तोंडावर तिचे ढीग रानात ठेवू नका.

सुबाभूळ आणि वेडी बाभूळ नुसती तोडून काहीच साधत नाही, दोन्ही जोमानं फुटतात. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतची रोपं पहारीनं उपसून काढता येतात. वेड्या बाभळीचे डोळे जमिनीखाली बरेच खोलवर असतात, म्हणून मोठं झाड काढायचं तर मूळ किमान ३० सेंटिमीटर खालून तोडावं लागतं. ते हौशी मंडळींचं काम नव्हे, अनुभवी लाकूडतोड्यांना बोलवा. तिचा काटा साध्या बुटाच्या तळातून आरपार जातो. शेंगा गुरं खातात आणि बी शेणातून दूरवर पोचतं, तेव्हा शेंगा पिकण्याआधी गोळा केल्या तरी पसरण्याला मोठा आळा बसतो.

झाडांवर चढलेल्या वेली खाली ओढू नका. फांद्या मोडतात, घरटी पडतात आणि डोक्यावर काय येईल त्याचा नेम नसतो. छातीच्या उंचीवर एक आणि जमिनीलगत एक असे दोन काप घ्या, मधला तुकडा काढून घ्या आणि वरचा भाग तसाच वाळू द्या. खालचं मूळ मात्र खणून काढा.

जलपर्णीचा हिशेब वेगळा. उबदार, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि तिचं बी तळाच्या गाळात १५-२० वर्षं जिवंत राहू शकतं. दोरीला तरंगते ओंडके किंवा बंद रिकाम्या बाटल्या बांधून पाण्यावर कुंपण करा. एक कप्पा पूर्ण साफ झाल्याशिवाय पुढचा उघडू नका, नाहीतर वाऱ्यानं सगळं परत पसरतं. वारा ज्या काठाला जलपर्णी लोटतो, त्याच काठावरून लांब दांड्याच्या पंज्यानं ओढा. काढलेली झाडं पुराच्या रेषेच्या वर टाका. काठावरच सोडली तर पहिल्या मोठ्या पावसात ती पाण्यात परत येतात. पाण्यात उतरायचं असेल तर गुडघ्यापर्यंतच, तेही तरंगजाकीट घालून. सांडपाणी येणं थांबत नसेल तर हे काम दरवर्षी करावं लागेल, हे गटाला आधीच सांगून टाका.

तणनाशकाबद्दल. तोडलेल्या खुंटावर लगेच औषध लावायची रीत अनेक ठिकाणी वापरतात आणि मोठ्या झाडांवर तिचा उपयोगही होतो. पण ते काम प्रशिक्षित माणसाचं, लेबलवर दिलेल्या मात्रेतच आणि जमिनीच्या मालकाच्या मंजुरीनं. पाण्याजवळ ते वापरू नये आणि स्वयंसेवकांच्या सरसकट हातात देऊ नये.

काढलेला माल

बी नसलेल्या, वाळलेल्या फांद्या रानातच उपयोगी पडतात. उताराला आडव्या रचल्या की माती अडते, काटेरी असतील तर कोवळ्या रोपांभोवती गुरांना रोखतात. आधी त्या ताडपत्रीवर पूर्ण वाळू द्या. फुलं-फळं असलेला माल वेगळा: बंद काळ्या पिशव्यांत भरून चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवा. खत करायचं तर ढीग मोठा हवा आणि त्याच्या पोटात ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान बरेच दिवस टिकायला हवं. दर काही दिवसांनी ढीग उलटावा म्हणजे कडेचा माल आत जातो. लहान ढीग तेवढा तापत नाही आणि त्यातून बियाणं मिसळलेलं खत तयार होतं. थर्मामीटर नसेल तर बीवाला माल खतात घालूच नका.

रानात जाळू नका. शेजारची स्थानिक रोपं होरपळतात आणि घाणेरी पुन्हा फुटते. घाणेरीचा पाला गुरांच्या वाटेवरही टाकू नये. तो खाल्लेल्या जनावरांचं यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलपटते.

माणसांची काळजी

दाट जाळीत हात घालण्याआधी काठीनं आपटून पाहा. साप बहुतेक वेळा आवाजानंच सरकतात, गांधीलमाशा मात्र चिडतात. पोळं दिसलं की तिथं रिबन बांधून तो चौकोन सोडून द्या. कोयता आणि कुदळ चालवणारे एका वेळी ठरलेलेच दोघे-तिघे असावेत आणि ते दर अर्ध्या तासानं बदलावेत, कारण दमलेल्या हाताचा वार भरकटतो. सकाळचे तीन तास पुरे. निघताना बुटांचे तळवे, पायमोजे आणि हत्यारं ब्रशनं तिथंच झाडा. चिखलात अडकलेलं बी पुढच्या चांगल्या जागेत नेणारे आपणच असतो. घरी गेल्यावर अंगावर गोचिडी आहेत का, ते पाहायला सगळ्यांना सांगा.

परतीच्या फेऱ्या

पहिल्या काढणीची तारीख ठरवतानाच पुढच्या फेऱ्यांच्या तारखा वहीत लिहा. काढणीला एक दिवस दिला तर पाठपुराव्याला निदान दोन दिवस राखून ठेवा. पहिल्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी पहिली फेरी, पुढं वाढीचा हंगाम संपेपर्यंत दर चार ते सहा आठवड्यांनी. या वेळी रोपं बोटभर असतात आणि एकटा माणूस तासाभरात मोठा तुकडा साफ करतो. दुसऱ्या वर्षी दोन-तीन फेऱ्या. तिसऱ्या वर्षी फुलोऱ्याआधी एक, आणि पक्षी बसतात त्या झाडांखाली मात्र नेहमीच. फेऱ्यांना माणसं पुरत नसतील तर नवा चौकोन उघडायचा नाही, कितीही विनवण्या झाल्या तरी.

प्रत्येक चौकोनात १ मीटर × १ मीटरचे पाच ठरलेले नमुने ठेवा. दर फेरीत तीन आकडे लिहा: आक्रमक रोपं किती, स्थानिक रोपं किती, उघडी जमीन अंदाजे किती टक्के. पोत्यांचे आकडे हवे तर लिहा, पण निर्णय या तीन आकड्यांवर घ्या. आक्रमक रोपं घटतायत आणि स्थानिक वाढतायत तर पुढं सरका. दोन्ही घटतायत आणि जमीन उघडीच राहतेय, तर माती जास्त तुडवली जातेय किंवा गुरं चरतायत. तेव्हा आधी तो बंदोबस्त करा.

लागवडीची घाई नको. जमिनीतलं स्थानिक बी बऱ्याचदा स्वतःच उगवतं. दोन हंगाम उलटूनही काही आलं नाही, तरच जवळच्या रानातून गोळा केलेलं स्थानिक गवताचं आणि झुडपांचं बी टाका. गवत आधी, कारण ते माती लवकर झाकतं. लवकर वाढतं म्हणून सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लावण्याचा सल्ला कुणीतरी देणारच, तो ऐकू नका. लावलेल्या प्रत्येक रोपाला लाल सोडून दुसऱ्या रंगाची फीत बांधा. नाहीतर पुढच्या मोजणीत आपोआप उगवलेली रोपं आणि लावलेली रोपं यांची सरमिसळ होते.